कागदाच्या एका बाजूस, सुवाच्य अक्षरात

लेखनस्पर्धेच्या निवेदनातील एक वाक्य आपणा सर्वांना लहानपणापासून पाठ आहे. 'लेखन कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात असावे.' आज त्या वाक्याच्या जागी दुसरे वाक्य आले आहे. 'प्रवेशिका ई-मेलने, युनिकोडमध्ये टाइप करून, वर्ड व पीडीएफ अशा दोन्ही स्वरूपांत पाठवाव्यात.' पहिले वाक्य वाचून लेखक शाईची दौत शोधत असे. दुसरे वाचून तो शेजारच्या मुलाला हाक मारतो. कथा लिहून तयार असते, शेवटची तारीख जवळ आलेली असते, आणि मनात धाकधूक मात्र वेगळीच असते : मी जे लिहिले तेच पलीकडे पोचेल का? की परीक्षकांच्या पडद्यावर चौकोनी डबे आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटेल?

ही धाकधूक संगणकाबरोबर आली असे आपण समजतो. इतिहास तसे सांगत नाही. लेखकाचा मजकूर ज्या वाहनातून जातो त्या वाहनाच्या अडचणीप्रमाणे लिपीने अंग चोरून घ्यावे, ही मागणी मराठीकडे गेली चारशे वर्षे होत आली आहे. वाहन बदलले, मागणी तीच राहिली. तो इतिहास थोडक्यात मांडावा आणि त्यातून आपल्यासारख्या सीमाभागातील कुटुंबांनी काय घ्यावे ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एकाच बाजूस का?

'कागदाच्या एकाच बाजूस' हा नियम शिस्तीसाठी नव्हता, तो छापखान्यासाठी होता. हाताने खिळे जुळवण्याच्या काळात एकच हस्तलिखित दोन-तीन जुळाऱ्यांत वाटून देत. त्यासाठी कागद कापावा लागे. पाठीमागे मजकूर असेल तर पुढची बाजू कापताना मागची फाटणार. समास हवा तो खुणा व सूचना लिहिण्यासाठी. ओळींत अंतर हवे ते दुरुस्त्यांसाठी. सुवाच्य अक्षर हवे, कारण जुळारी अर्थ लावत बसत नसे, तो अक्षर पाहून खिळा उचलत असे. लेखकाला जाचक वाटणाऱ्या प्रत्येक नियमामागे असा एखाद्या कामगाराचा हात होता. तो हात दिसला की नियमाचा राग येत नाही. आणि तो हात नाहीसा झाल्यावरही नियम उरला, तर तो का उरला असे विचारता येते.

सहाशे साचे

हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली आपल्या शेजारच्या गोव्यात आला. पण मराठीला त्याचा लाभ मराठी अक्षरांत झाला नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले, ते रोमन लिपीत. येथील लिपीत पुस्तके छापावीत अशी स्टीफन्सची इच्छा नव्हती असे नाही. १६०८ च्या एका पत्रात त्याने आपल्या वरिष्ठांना अडचण कळवली आहे. युरोपातील लिपीला चोवीस साचे पुरतात, येथील लिपीला सहाशेच्या घरात साचे पाडावे लागतील, आणि ते अशक्य दिसते. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे ही आपल्या लिपीची श्रीमंती छापखान्याला मात्र परवडत नव्हती.

पुढे १८०५ साली मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्यात आली. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत निघाले. त्याच कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये आला तो मोडी खिळ्यांत. म्हणजे मराठीने छापखान्यात कोणत्या वेषात जावे, हे त्या वेळी ठरलेले नव्हते. मोडी ही व्यवहाराची लिपी. हात न उचलता भराभर लिहिण्यासाठी ती वळवलेली, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद तीत फारसा पाळत नसत. लिहिणाऱ्याचा वेग हे तिचे बळ होते. छापखान्यात वेगाला किंमत नव्हती, तेथे सुटे आणि स्थिर अक्षर हवे होते. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले ते बाळबोधीत. पुढे शाळांची पुस्तके आणि वृत्तपत्रे बाळबोधीतच छापली गेली आणि मोडी दप्तरात राहिली. आज आपल्याच आजोबा-पणजोबांची कागदपत्रे वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. छपाईच्या सोयीने एका संपूर्ण लिपीला घराबाहेर ठेवल्याचे हे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरात, जुन्या ट्रंकेत पडलेले आहे.

बाळबोधीला सुबक रूप देण्याचे श्रेय छापखान्यातील कारागिरांचे. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्या खिळ्यांनी देवनागरीचे वळण देशभर ठरवले. स्टीफन्सला अशक्य वाटलेले काम मराठी माणसांनी करून दाखवले. शेकडो खिळ्यांच्या पेट्या भिंतीला लागल्या, जुळारी त्यांच्यापुढे उभे राहिले, आणि लिपीने काहीही न सोडता छपाई होऊ लागली. त्यासाठी श्रम मात्र माणसाचे लागले.

वेलांटीने थांबावे कोठे?

विसाव्या शतकात यंत्राने माणसाची जागा घेण्यास सुरुवात केली आणि लिपीवर पुन्हा दडपण आले. टंकलेखन यंत्राला पंचेचाळीसच्या आसपास कळा, म्हणजे फार तर नव्वद-ब्याण्णव चिन्हे. एवढ्यात देवनागरी बसवायची कशी? यंत्र करणाऱ्यांनी अक्षरे फोडली. अर्धे अक्षर एका कळेवर, काना दुसरीवर. दोन्ही मारल्या की एक अक्षर पुरे होई. ऱ्हस्व वेलांटी डाव्या हाताला असते, म्हणून ती अक्षराच्या आधी मारायची. आपण 'कि' म्हणताना आधी 'क' उच्चारतो, यंत्र मात्र आधी वेलांटी मागे.

लिपीच सोपी करावी असा पक्ष याच काळात बलवान झाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या लिपिशुद्धीत 'अ'चीच बाराखडी होती. इ, ई, उ यांऐवजी अ ला वेलांटी आणि उकार देऊन ते स्वर लिहायचे, म्हणजे तेवढे खिळे वाचतात. १९५३ साली लखनौ येथे देवनागरी सुधारणेसाठी परिषद भरली. ऱ्हस्व वेलांटी डावीकडून काढून उजवीकडे द्यावी अशी शिफारस तिने केली. यंत्राला ते सोयीचे होते, लोकांच्या डोळ्यांना नव्हते. काही वर्षांतच ती शिफारस मागे पडली. या सुधारकांचा हेतू चांगला होता, त्यांना लिपी जगवायची होती. पण डोळ्यांची सवय ही यंत्राच्या सोयीपेक्षा बलवत्तर असते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

एकशे अठ्ठावीस खोल्यांचा वाडा

आता ई-मेलकडे वळू. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकास निरोप पाठवला आणि पत्त्यात '@' हे चिन्ह आणले. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मधल्या काळात या टपालाची घडण पक्की झाली होती, आणि ती इंग्रजीच्या मापाची होती. संगणक अक्षर साठवत नाही, तो क्रमांक साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे ठरवणारा अमेरिकी तक्ता 'आस्की' १९६३ चा. त्यात १२८ क्रमांक. इंग्रजी लहानमोठी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राच्या काही खुणा यांत तो वाडा भरून गेला. देवनागरीला त्यात एकही खोली नव्हती. गोव्यातला स्टीफन्सचा प्रश्न साडेतीनशे वर्षांनी पुन्हा दारात उभा राहिला.

१९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाची पद्धत मांडली. तिची युक्ती मोठी साधी आहे. चित्र असो, गाणे असो की वर्डची फाइल, तिचे तुकडे करून प्रत्येक तुकडा इंग्रजी अक्षरांच्या वेषात पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा जोडायचा. अशी अटॅचमेंट बोरेन्स्टीन यांनी मार्च १९९२ मध्ये पाठवली, तीत त्यांच्या गायकचमूचे छायाचित्र व गाणे होते. आज आपण कथेची फाइल जोडून पाठवतो ती याच वाटेने. एक गोष्ट मात्र येथे ध्यानात घ्यावी. ही पद्धत फाइल जशीच्या तशी पोचवते. फाइल पलीकडच्या संगणकाला वाचता येईल की नाही, याची जबाबदारी ती घेत नाही. टपालवाला पाकीट पोचवतो, आतील मोडी वाचून दाखवत नाही.

फॉन्टचे सोंग

नव्वदीच्या दशकात मराठी संगणकावर आली ती डीटीपीच्या दुकानांतून. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएम ही नावे सीमाभागातील प्रत्येक छापखान्यात ऐकू येत. या बहुतेक फॉन्टांची रीत अशी की आत क्रमांक इंग्रजी अक्षरांचेच ठेवायचे आणि पडद्यावर त्यांना देवनागरीचे रूप चढवायचे. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिले की संगणकाच्या पोटात साठते ते 'एच, के, के, जे, आर'. एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे काना, पुन्हा के म्हणजे दुसरा काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. हे टंकलेखन यंत्राचेच वारस, म्हणून वेलांटीही आधीच मारायची. दशावतारी खेळातल्या सोंगासारखा हा प्रकार. मुकुट आणि रंग आहेत तोवर राजा. पलीकडच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला की मुकुट उतरतो आणि आतला इंग्रजी नट उघडा पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा क्रमांकांचा तक्ता निराळा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे.

त्याचा फटका कोणाला बसला? मोठ्या शहरांत, जेथे संपादक, लेखक आणि डीटीपीवाला एकाच पेठेतले, तेथे फारसा नाही. बसला तो लांबून पाठवणाऱ्यांना. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलीने दूरच्या एका संस्थेच्या स्पर्धेसाठी निबंध लिहिला. आजीच्या तोंडच्या शब्दांवर, म्हणजे अर्धे मराठी आणि अर्धे कन्नड असे जे शब्द आपल्या स्वयंपाकघरांत नांदतात त्यांच्यावर. गावातल्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून तो ई-मेलने गेला. उत्तर आले, 'मजकूर वाचता येत नाही, सबब प्रवेशिका बाद.' मुलीने मला विचारले, "सर, माझं मराठी चुकलं का हो?" तिचे मराठी कोठेही चुकले नव्हते. पण ज्या मुलीच्या वर्गाबाहेरचे निम्मे जग दुसऱ्या भाषेत चालते, तिला आधीच वाटत असते की आपले मराठी कमी प्रतीचे आहे. अशा मुलीच्या हाती पडलेला 'वाचता येत नाही' हा शेरा तिला यंत्राविषयीचा वाटत नाही, स्वतःविषयीचा वाटतो. आपल्या भागात मराठी लिहिणारा एक हात असा थांबला तर त्याची नोंद कोणत्याही इतिहासात होत नाही.

एका ळ चे दोन क्रमांक

यावरचा उपाय नव्या यंत्राने दिला नाही, तो करारातून आला. सर्वांनी मिळून प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक मानायचा, एवढाच तो करार. त्याची पहिली पायरी भारतातच घातली गेली. आयआयटी कानपूर व नंतर पुण्याची सी-डॅक संस्था येथील संशोधकांच्या कामातून 'इस्की' हा तक्ता तयार झाला आणि १९९१ मध्ये त्याला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्यामागची दृष्टी अशी की ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या लिप्यांची वर्णमाला एकच आहे. म्हणून मराठी क आणि कन्नड क यांना एकच क्रमांक द्यावा आणि लिपी पडद्यावर बदलावी. इन्स्क्रिप्ट हा कळफलकही याच विचाराचा. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि क ची कळ मराठीत जी, कन्नडातही तीच. आपल्या मुलांना दोन लिप्या शिकाव्या लागतात याचे आपण ओझे मानतो. या कळफलकावर मात्र एक लिपी बसली की दुसरीसाठी बोटांना जवळजवळ काही नवे शिकावे लागत नाही.

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र १२८ घरे दिली. देवनागरी ळ चा क्रमांक २३५५, कन्नड ळ चा ३२५१. दोहोंतील अंतर ८९६. क चे पाहावे तर २३२५ आणि ३२२१, अंतर पुन्हा ८९६. दोन शेजाऱ्यांची घरे वेगळ्या गल्लीत, पण खोल्यांची रचना एकसारखी. जुन्या फॉन्टांच्या काळात एकाच ओळीत मराठी व कन्नड लिहायचे तर दर शब्दाला फॉन्ट बदलावा लागे, आणि फाइल दुसरीकडे गेली की दोन्ही भाषा एकाच कचऱ्यात मिसळत. आज 'बेळगाव' हा शब्द दोन्ही लिप्यांत एकाच ओळीत लिहून मोबाइलवरून पाठवला तरी अक्षरे आपल्या जागी राहतात.

मराठीच्या खास गरजा येथेही सहजासहजी भागल्या नाहीत. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या खोल जागा. हा भेद हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये ऱ हे अक्षर द्राविडी भाषांतील र दाखवण्यासाठी ठेवलेले होते. त्याचेच अर्धे रूप मराठीच्या उपयोगी पडले. शेजारधर्म असाही असतो. 'ॲ' या स्वराला स्वतंत्र घर मिळण्यास मात्र २००८ साल उजाडावे लागले. ल आणि श यांची मराठी वळणे कोणती हे महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवून दिले, तरी अनेक फॉन्टांत ती आजही हिंदी वळणाने उमटतात. त्यामुळे अक्षर बदलत नाही, केवळ वळण बदलते. परीक्षकांनी त्यास चूक मानू नये.

पाठवणाऱ्याने आणि मागवणाऱ्याने

इतके समजले की चिंता बरीच हलकी होते. लेखन युनिकोडमध्ये करावे, मग फॉन्ट कोणताही असो. मोबाइलवर मराठी टाइप होते तेही युनिकोडच असते. जुन्या फॉन्टमधील लेखन परिवर्तकाने बदलता येते, पण वेलांट्या आणि रफार डोळ्यांनी तपासूनच पुढे जावे, कारण जुन्या फाइलीत वेलांटी आधी असते आणि युनिकोडात ती अक्षरानंतर साठते. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधून जातो, म्हणून ती दिसायला हुबेहूब पोचते. मात्र तिच्यातून मराठी मजकूर उचलून घेताना तो बहुधा विस्कटतो. यासाठीच संयोजक दोन्ही स्वरूपे मागतात. एक परीक्षकाच्या डोळ्यांसाठी, दुसरे छापणाऱ्याच्या हातासाठी. पाठवण्याआधी तीच ई-मेल स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर किंवा शेजाऱ्याला पाठवून उघडून पाहावी. आणि पत्रात चार ओळी साध्या मराठीत लिहाव्यात, म्हणजे फाइल उघडली नाही तरी पलीकडे माणूस आहे हे कळते.

संयोजकांकडेही एक मागणे आहे. फाइल उघडली नाही तर प्रवेशिका बाद करण्याआधी एक उलट टपाल पाठवावे. अक्षराचा आकार, ओळींतील अंतर, फाइलीचे नाव यांवर गुण कापू नयेत. यांपैकी बहुतेक गोष्टी छपाईच्या सोयीच्या आहेत आणि आज त्या संगणकावर क्षणात बदलता येतात. हाताने लिहिलेल्या प्रवेशिकेचे दारही निदान शाळकरी मुलांसाठी उघडे ठेवावे. जुळाऱ्याला अक्षर लागत नसे तेव्हा तो कागद फेकून देत नसे, तो लेखकाकडे विचारणा करी. तेवढे सौजन्य छापखान्यात होते.

आमच्या शाळेत आता नववी-दहावीच्या मुलांना निबंधाबरोबर तो युनिकोडमध्ये टाइप करून पाठवण्याचा एक तास असतो. कन्नड शिकवणारे सर आणि मराठीच्या बाई तो मिळून घेतात, कारण कळफलक दोघांचा एकच आहे. वर सांगितलेली मुलगी आज पदवीच्या वर्गात आहे. यंदा शाळेच्या हस्तलिखितासाठी तिने तोच निबंध नव्याने टाइप करून पाठवला. आजीचे कन्नड शब्द तिने कन्नड लिपीत लिहिले आहेत आणि त्यांपुढे त्यांचा अर्थ मराठीत दिला आहे. फाइल पहिल्याच खेपेस उघडली.